आळ आणि आबाळ

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, आमच्या नातवाला पहिला दात आला. ही वार्ता आम्हांला दिली ती एका चमच्याने. स्नानसंस्काराच्या दिवशी धर्ममातेने दिलेल्या चांदीच्या चमच्याने त्याची आई त्याला मऊ भाताची पेज भरवीत होती. चमचा ओठांच्या आत शिरला आणि 'टक्' असा अगदी बारीक आवाज झाला. लेकीने चमचा बाहेर काढला, पुन्हा अलगद आत नेला; पुन्हा तोच आवाज. मग तिने अंगठ्याने त्याचा खालचा ओठ ओढून पाहिले. हिरडीच्या कडेवर तांदळाच्या कणीएवढी पांढरी रेघ उमटली होती. घरात किती आनंद झाला हे सांगायला नकोच. त्याच्या मामाला लगोलग परदेशी फोन गेला. वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जातो, अशी एक समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. खालचाच आल्यामुळे मामा वाचला, असे म्हणून आम्ही हसलो.

लेक मात्र लगेच कामाला लागली. उकळून वाळवलेल्या मलमलीच्या तुकड्यांची एक डबी तिने बाळंतपणापासून भरून ठेवली आहे. त्यांतला एक तुकडा ओला करून तिने तर्जनीला गुंडाळला आणि बाळाच्या वरच्या-खालच्या हिरड्या, तो नवा दात, गालांची आतली बाजू, सारे हलक्या हाताने पुसून काढले. दात नव्हते तेव्हापासून ती हे रोज करीत आली आहे. पुसता पुसता तिने विचारले, "आई, पप्पा, माझ्या वेळी तुम्ही कशानं पुसत होतात?"

तिने हे सहजच विचारले. आरोप करण्याचा तिचा स्वभाव नाही. पण आम्ही दोघे एकमेकांकडे पाहात राहिलो आणि 'त्या काळी असं काही नव्हतं' असे काहीसे पुटपुटलो. ते उत्तर खरे नव्हते. मलमल त्या काळीही होती, पाणी होते आणि बोटही होते. खरे उत्तर तिला त्या दिवशी देता आले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

आम्ही दोघेही वसईच्या मराठी शाळांतून आयुष्यभर शिकवीत आलो. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा ही नावे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिली असतील, त्याची गणती नाही. दुधाचे दात वीस, कायमचे बत्तीस, हे आमच्या विद्यार्थ्यांना झोपेतही सांगता येत असे. मात्र स्वतःच्या घरी आम्ही दातांच्या बाबतीत दोन चुका केल्या आणि गंमत अशी की, त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या. दातांनी जे केलेच नव्हते त्याचा आळ आम्ही त्यांच्यावर घेतला. आणि त्यांची जी निगा राखायला हवी होती तिची मात्र आबाळ केली. दोन्ही चुकांचे फळ आम्हांला एकाच साली, १९९३ मध्ये मिळाले. फळ आम्हांला मिळाले असे म्हणतो खरे. ते भोगले मुलांनी.

आधी आळाची गोष्ट. आमचा धाकटा मुलगा १९९३ च्या मार्चमधला. डिसेंबरात, नाताळाच्या तयारीची गडबड चालू असताना, त्याला ताप भरला. तो तेव्हा नऊ महिन्यांचा होता. लाळ गळत होती, मूठ तोंडात जात होती, रडे थांबत नव्हते. आमच्या आईने त्याच्या तोंडात बोट घातले आणि निकाल दिला : "दात येतायत. हिरडी कशी टणक लागते बघ." शेजारणी आल्या, त्यांनीही तेच सांगितले. कोणी टाकणखाराची लाही मधात खलून हिरडीला लावा म्हटले, कोणी गळ्यात मण्यांचा दोरा बांधायला सांगितला. मध-टाकणखार आम्ही लावलाही. ताप दोन दिवस राहिला, तीन दिवस राहिला. 'दात वर आला की उतरेल' हे वाक्य आमच्या घरात त्या तीन दिवसांत किती वेळा उच्चारले गेले असेल कोण जाणे. चौथ्या पहाटे त्याने दूध घेणे सोडले. अंगावरचे दुपटे बाजूला केले तेव्हा त्याचे पोट उडताना दिसले आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगा पडत होता. रिक्षा मिळवून इस्पितळात पोहोचेपर्यंतची ती अर्धी घटका आम्ही कशी काढली, ते लिहिण्याची शक्ती आजही आमच्यात नाही.

न्यूमोनिया होता. प्राणवायू लावला, सुईवाटे औषधे सुरू झाली. नऊ दिवस तो तेथे होता. मध्यरात्रीच्या मिस्साला त्या वर्षी आमच्यापैकी कोणीच गेले नाही. खिडकीतून घंटा तेवढी ऐकली. मूल वाचले, ही परमेश्वराची कृपा आणि त्या डॉक्टरांची मेहनत. घरी सोडताना डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात त्याच्या हिरड्या आम्हांला दाखवल्या. तेथे दाताचा मागमूसही नव्हता. त्याचा पहिला दात आला तो अकराव्या महिन्यात, आणि तोही असा गुपचूप, की आम्हांला दोन दिवस पत्ताच लागला नाही.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचण्याचा नादच आम्हांला लागला. वाचले तसे कळले की, हा आळ आमच्या आईने शोधून काढलेला नव्हता; तो फार जुना आणि सर्वदूर पसरलेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात येणे हे सर्व रोगांचे कारण म्हटले आहे. (मात्र अशा बाळाला उपचारांनी फार जेरीस आणू नये, दात आले की हे विकार आपोआप शमतात, असेही तो ग्रंथ सांगतो.) सतराव्या शतकातल्या लंडन शहरात दर आठवड्याला मृतांची यादी छापली जाई. तीत प्लेग, देवी यांच्याबरोबर 'दात' हेही मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदलेले असे. सोळाव्या शतकातला फ्रान्सचा नामवंत शल्यवैद्य आम्ब्रोआज पारे दात लवकर वर यावा म्हणून हिरडीला चीर द्यावी असे सांगत असे, आणि ही चीर देण्याची रीत पुढे तीनशे वर्षे चालू राहिली. इंग्लंडात दात येणाऱ्या बाळांना पाऱ्याची भुकटी दिली जाई. त्यामुळे कित्येक मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलून निघत, मुले वेदनेने तळमळत. या विकाराला 'गुलाबी रोग' असेच नाव पडले होते. १९५४ मध्ये तेथे या भुकट्यांतून पारा काढून टाकण्यात आला आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. हे सारे जुने झाले म्हणावे, तर २००८ मध्ये नायजेरियात दात येणाऱ्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या एका सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळले गेले आणि ऐंशीहून अधिक बालके दगावली. दातांनी यांपैकी एकही बालक मारलेले नाही.

मग सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ सारखे आजारी का पडते? उत्तर साधे आहे. आईच्या उदरात असताना तिच्याकडून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती याच सुमारास ओसरू लागते. याच सुमारास वरचे अन्न सुरू होते. बाळ रांगू लागते आणि हाती येईल ती वस्तू तोंडात घालते. आणि नेमके याच सुमारास दात येतात. तीन-चार पाहुणे एकाच गाडीने उतरावेत आणि चोरीचा संशय दिसायला सर्वांत लहान असलेल्यावर घ्यावा, तसे हे झाले. दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, बाळ किरकिरते, फार तर अंग किंचित कोमट लागते. थर्मामीटरवर १०० पूर्णांक ४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दिसले, जुलाब लागले, बाळाने दूध सोडले, तर तो दोष दातांचा नाही. दुसरे काही तरी शोधलेच पाहिजे. आणि श्वास मोजायला तर कोणीही शिकावे : दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचे बाळ शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. हातात घड्याळ असूनही आम्ही ते मोजले नाहीत.

इतके सोसून आणि इतके वाचून आम्ही शहाणे झालो असू, असे वाचकांना वाटेल. नातवाचा दात दिसण्याच्या आठच दिवस आधीची गोष्ट सांगतो. त्याचे अंग तापले होते आणि तो सारखा कान ओढत होता. आमच्या तोंडून शब्द निघाले, "दात येत असतील." तीस वर्षांपूर्वी आईने उच्चारलेले वाक्य, त्याच सुरात! लेक काही बोलली नाही. तिने थर्मामीटर लावला, १०१ पाहिला आणि संध्याकाळच्या आत त्याला डॉक्टरांकडे नेले. कानाच्या पडद्यामागे सूज होती. दात येत होता हेही खरेच ठरले. पण ताप त्याचा नव्हता.

आता आबाळीची गोष्ट. ती लिहिणे अधिक अवघड आहे, कारण तीत दोष द्यायला कोणी शेजारीणही नाही.

आमची ही लेक १९८९ ची, थोरली. आमच्यातली एक सकाळच्या शाळेला जाई, दुसरा दुपारच्या. अंगावरचे दूध सहा महिन्यांत सुटले आणि बाटली आली. दुधात साखर घालावी हे आम्हांला इतके स्वाभाविक वाटे की, त्याचा विचारही कधी केला नाही. रात्री ती बाटली तोंडात धरूनच झोपे; काढली की उठे; म्हणून आम्ही काढीत नसू. दिवसभराच्या शाळेनंतर आम्हांलाही झोप हवी होती. दात शिवशिवू लागले तेव्हा आमच्या आईने तिच्या हातात सुकेळ्याचा तुकडा द्यायला सुरुवात केली. वसईची सुकेळी कशी असतात हे वाचकांना ठाऊक आहे : राजेळी केळे उन्हात आटवून केलेली ती गोडी दातांना डिंकासारखी चिकटते. मूल तासन्‌तास ते चघळीत बसे, आणि घर शांत राही.

दीड वर्षाची असताना तिच्या वरच्या चार दातांवर, हिरडीलगत, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ दिसू लागली. आम्ही ती दुधाची साय समजलो. काही महिन्यांनी ती पिवळी, मग तपकिरी झाली. तिला तेव्हा लोहाचे औषध चालू होते. त्यानेच दात काळवंडले असतील अशी आम्ही समजूत करून घेतली. तीन वर्षांची होईतो त्या चार दातांचे काळे खुंट उरले होते. खालचे पुढचे दात मात्र मोत्यांसारखे स्वच्छ होते, आणि याचेही आम्हांला आश्चर्य वाटले नाही. 'दुधाचेच तर आहेत, पडायचेच आहेत,' असे सगळे म्हणत, आणि आम्हीही म्हणत होतो.

खालचे दात का वाचले, ते आता ठाऊक आहे. बाटली चोखताना बाळाची जीभ पुढे येऊन खालच्या दातांवर पांघरुणासारखी पसरते. लाळही तेथेच साचते आणि दात धुऊन काढते. वरच्या दातांना असा आसरा नसतो. गोड दूध त्यांच्याभोवती साचून राहते. झोपेत लाळ जवळजवळ आटते, गिळणेही थांबते. मग तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवीत राहते. दुधाच्या दाताचे हे कवच कायमच्या दाताच्या कवचापेक्षा पातळ असते, म्हणून कीड झपाट्याने आत उतरते. हे जंतू बाळ जन्मतः घेऊन येत नाही. बहुधा ते घरातल्या मोठ्या माणसांच्या लाळेतूनच त्याच्याकडे जातात. चमचा आधी आपल्या तोंडात घालून गरम आहे का ते पाहायचे आणि मग बाळाला भरवायचे, हे प्रेमाचे काम आम्ही रोज करीत होतो, आणि आमच्या स्वतःच्या दाढा किडलेल्या होत्या. आणखी एक. ती पांढरी रेघ दिसली त्याच वेळी आम्ही रात्रीची बाटली बंद करून दातांची निगा राखली असती, तर कीड तेथल्या तेथे थोपवता आली असती. पांढऱ्या रेघेपर्यंत परतीची वाट असते. आम्ही ती रेघ रोज पाहात होतो.

१९९३ च्या मेमध्ये, तिच्या चौथ्या वाढदिवसाच्या आठवड्यात, तिचा वरचा ओठ सुजला. सूज एका रात्रीत नाकापर्यंत चढली. दाताच्या मुळाशी गळू झाले होते. दंतवैद्यांनी चारही दात काढले. आम्ही दोघांनी तिचे हातपाय धरून ठेवले होते. दात काढून झाल्यावर ती रडली नाही, नुसती आमच्याकडे पाहात राहिली. त्या रात्री आमच्या आईने संत अपोलोनियाचे नाव घेऊन प्रार्थना केली. अलेक्झांड्रियाच्या या वृद्ध कुमारिकेचे दात छळकर्त्यांनी मारहाण करून पाडले आणि तिने अग्नीत देह ठेवला, ही इसवी सन २४९ च्या सुमाराची घटना तिथल्या बिशप डायोनिसियसच्या पत्रात नोंदलेली आहे. म्हणून दातदुखीने पिडलेले लोक शतकानुशतके तिचा धावा करीत आले आहेत. ९ फेब्रुवारीला तिचा सण असतो. आई प्रार्थना करीत होती आणि आम्हांला वाटत होते की, या प्रकरणात छळकर्ते कोण, ते उघड आहे.

दात काढले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. व्याकरणात आम्ही दंत्य वर्ण शिकवतो : त, थ, द, ध, न, ल, स. वरच्या दातांना जीभ लागली तर हे वर्ण स्वच्छ उमटतात. शिशुवर्गात तिचे बोलणे ऐकून मुले हसत. मग ती कमी बोलू लागली. १९९४ च्या फेब्रुवारीत, उपवासकाळ सुरू होण्याआधी, तिच्या मावशीचे लग्न झाले. फुलांची परडी घेऊन वधूच्या पुढे चालण्याचा मान तिला होता. पांढरा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट. त्या दिवसाची चौदा छायाचित्रे आमच्याकडे आहेत. चौदाही छायाचित्रांत तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. छायाचित्रकार हसायला सांगत होता आणि आम्हीही सांगत होतो.

सहाव्या वर्षी वरची एक दुधाची दाढही गेली. दुधाचा दात हा केवळ चावण्यासाठी नसतो. खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा तो राखून ठेवतो. तो अवेळी गेला की मागची दाढ पुढे सरकते. आमच्या लेकीचा त्या बाजूचा सुळा जागेअभावी वरच अडकला आणि वाकडा बाहेर आला. शिवाय गळू झालेल्या दाताच्या मागोमाग जो कायमचा दात आला, त्याच्यावर पिवळट-तपकिरी डाग होता. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला की त्याच्यावर तयार होत असलेल्या कायमच्या दाताचे कवच कधी कधी असे बिघडते. ती मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, तिचे लग्न झाले. पण हसताना तिचा उजवा हात आपोआप तोंडाकडे जातो. नातेवाइकांना तो तिचा लाजरेपणा वाटतो.

लेकीला दिवस राहिले तेव्हा तिने पहिले काम कोणते केले असेल, तर स्वतःचे दात तपासून घेतले आणि किडलेल्या दोन दाढा भरून घेतल्या. तिसरा महिना संपता संपता तिने आम्हांला सांगितले की, पोटातल्या बाळाच्या दुधाच्या दातांना आता कठीणपणा येऊ लागेल. चौथ्या महिन्याच्या सुमारास ती क्रिया सुरू होते. आम्ही शिक्षक असून हे आम्हांला ठाऊक नव्हते. दात हिरडीतून दिसतो तेव्हा तो वर्षभर आधीपासून तयार होत असतो, हे आम्ही पासष्टी ओलांडल्यावर शिकलो.

तिच्या घरात काही नियम आहेत आणि ते आजी-आजोबांनाही लागू आहेत. बाळाचा चमचा बाळाचाच. वर्ष पुरे होईपर्यंत मधाचे बोट नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला क्वचित पण भयंकर असा विषबाधेचा आजार होतो. टाकणखार तर कधीच नाही, तो बाळाच्या पोटात गेला की विषच आहे. हिरडी बधिर करणारी मलमे नाहीत. त्यांतल्या बेन्झोकेन या औषधाने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ती लावू नयेत असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये बजावले आहे. मण्यांचे दोरे नाहीत, ते गळ्याला फास लावतात किंवा मणी घशात अडकतो. हिरडी शिवशिवली तर स्वच्छ बोटाने चोळायची, किंवा फ्रीजमध्ये थंड केलेला (बर्फासारखा गोठवलेला नव्हे) ओला रुमाल चावायला द्यायचा. आमच्या ओळखीच्या एका बाई बाळाला पाहायला आल्या आणि सवयीने मिश्री लावलेले बोट त्याच्या हिरडीकडे नेऊ लागल्या. लेकीने त्यांचा हात हसतच, पण घट्ट धरला. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आपल्या कितीतरी आज्यांनी ती नातवंडांच्या हिरड्यांना लावली आहे.

पहिला दात आल्यापासून मलमलीच्या जोडीला एक इवलासा मऊ ब्रश आला. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची टूथपेस्ट, सकाळी आणि रात्री. तान्ह्या मुलाला थुंकता येत नाही, म्हणून मात्रा दाण्याएवढीच. (यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावी विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड फार असते, तिकडच्या पालकांनी दंतवैद्यांना विचारूनच पेस्ट निवडावी.) रात्रीचा ब्रश झाल्यावर बाटलीत काही जायचे असेल तर ते पाणीच. अंगावरचे दूध चालू आहे आणि दोन वर्षांपर्यंत व पुढेही ते चालावे असेच डॉक्टर सांगतात. दर रविवारी, मिस्साहून परतल्यावर, ती बाळाला खिडकीशी नेते आणि त्याचा वरचा ओठ उचलून हिरडीलगतची कड न्याहाळते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा आमच्यातला एक उठून परसात गेला आणि बराच वेळ केळीला पाणी घालीत राहिला. बाहेर पाऊस पडत होता.

२०२५ च्या जानेवारीत नातू वर्षाचा झाला. तोवर वरचे चार आणि खालचे दोन असे सहा दात आले होते. पहिल्या वाढदिवसाच्या आत-बाहेर एकदा दंतवैद्यांना दाखवावे असा आता दंडक आहे, म्हणून लेकीने वेळ घेतली होती आणि आम्हांला बरोबर नेले. एकही दात दुखत नसताना दंतवैद्याकडे जाणारे आमच्या घराण्यातले हे पहिलेच माणूस. तेथे त्या मोठ्या खुर्चीचा उपयोगच झाला नाही. डॉक्टरीणबाई आणि लेक साध्या खुर्च्यांवर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे भिडवून बसल्या. बाळाला लेकीने मांडीवर घेतले आणि त्याचे डोके अलगद डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर टेकवले. त्याचे पाय तिच्या कमरेभोवती होते आणि त्याचे दोन्ही हात तिच्या दोन्ही हातांत. आम्हांला वाटले, आता आकांत होणार. त्याने भोकाड पसरलेही. पण रडणारे मूल तोंड उघडेच ठेवते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तेवढ्यात त्यांनी आरशाने सहाही दात पाहून घेतले. कोठे रेघ नाही, डाग नाही. बोट बाहेर काढता काढता मात्र त्याने ते करकचून चावले. डॉक्टरीणबाई ओरडल्या आणि आमची लेक मोठ्याने हसली. तिचे दोन्ही हात बाळाने धरून ठेवले होते.

निघताना त्यांनी सांगितले की, साधारण सात-आठ वर्षांचा होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या, मुलाला एकट्याने नीट जमत नाही. पुढची तारीख जुलैतली दिली. तोपर्यंत पहिल्या दाढा येतील.